दादाचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घाचा मेळ मला कधीच लागला नाही, आणि जोडाक्षर आलं की पेन अडखळतं. ज्याच्या हातात ही वही पडेल त्याने माफ करावं. खरं तर ती कुणाच्या हातात पडू नये असंच मला वाटतं. वही मुलीच्या कॉलेजची आहे. पुढची वीस-बावीस पानं तिने लिहिली आणि बाकीची कोरी टाकली. मी मागच्या बाजूने सुरुवात केली आहे.

मी चौथीपर्यंत शिकले. आमचं माहेर सातारा जिल्ह्यात, औंधच्या पुढे, कोरड्या मुलखात. घरात मेंढरं होती. दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आणि अभ्यासात हुशार. मेंढरांमागे दोघांपैकी एकाने जायचं होतं, म्हणून मी गेले. दादा शिकला, फौजेत गेला, तोफखान्यात नोकरी करून सुभेदार झाला आणि निवृत्त होऊन साताऱ्यात घर बांधून राहिला. मी लग्न होऊन सांगलीला आले. मालक मार्केट यार्डात तोलाईचं काम करतात आणि मी हळदीच्या वखारीत हळकुंडं निवडते. माझी बोटं बारा महिने पिवळी असतात.

मेंढरांमागे मला एक गोष्ट मात्र आली, ती म्हणजे ऐकणं. आमच्या मेंढरांच्या गळ्यात घंट्या असायच्या, सगळ्यांच्या नाही, पाच-सहा जणींच्या. अंधारात किंवा धुक्यात कोण कुठे आहे ते मी घंटीवरून सांगायचे. एक लंगडी मेंढी होती. तिची घंटी दोनदा वाजायची, मग थांबायची, मग एकदा वाजायची. ती मागे राहिली की आधी मला कळायचं, मग कुत्र्याला.

जत्रेत घंट्या घ्यायच्या असल्या की आबा, म्हणजे माझे वडील, मला बरोबर न्यायचे. दुकानापुढे मला पाठमोरी उभी करायचे. दुकानदार मागे एकेक घंटी वाजवायचा आणि मी बोटांनी दाखवायचे, पहिली की दुसरी. तीनदा ऐकायचं, तिन्ही वेळा मन लावून. आणि किंमत अगदी शेवटी विचारायची. दुकानदार आधीच भाव सांगायला लागला की आबा त्याला गप्प करायचे. "थांब की गड्या, पोरीचा कान बिघडवतोस व्हय?" म्हणायचे. मला तेव्हा ते हसण्यावारी वाटायचं.

तोफांनी दादाचा डावा कान गेला. उजवा राहिला, पण त्यात दिवसरात्र किर्र आवाज चालू असायचा. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, कानाला काहीतरी मऊ ऐकवत राहा, म्हणजे तो किर्र आवाज खाली दबतो. दादाने निवृत्तीच्या पैशातून पुण्याहून मोठा हेडफोन आणला, साठ हजारांचा. दोन्ही कानांवर मखमलीच्या गाद्या, आत शिरल्यावर कान सुद्धा दिसत नाहीत.

वहिनी तेव्हा म्हणाल्या, "साठ हजारात दुभती म्हस आली असती दारात."

दादा म्हणाला, "म्हस कानाला लावून झोपता येत न्हाई."

पण हेडफोन मोबाईलला जोडला की आवाज दुबळा यायचा. एक साधा ॲम्प्लिफायर दादाने घेऊन बघितला. आवाज मोठा झाला, पण त्याच्या कानात सुई टोचल्यासारखं व्हायला लागलं. मग कुणीतरी त्याला सांगितलं की सांगलीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत जुने रेडिओ दुरुस्त करणारा एक मेस्त्री आहे. तो हाताने व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर बनवतो. आमच्या लहानपणी रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह. त्यांना ट्यूबही म्हणतात. त्यांचा आवाज मऊ येतो.

मिरजेला कान दाखवायला आला तेव्हा दादा मला घेऊन त्या मेस्त्रीकडे गेला. मेस्त्री साठीचा, बनियनवर, नाकावर घसरलेला चष्मा. हेडफोन हातात घेऊन त्याने उलटसुलट बघितला आणि म्हणाला, "सुभेदार, माल भारी आहे. पण ह्याला ताकद लागते. मोबाईलवर हा बोलतो, पण उपाशी माणसासारखा बोलतो."

त्याच्याकडे दोन ॲम्प्लिफायर अर्धे झालेले होते, दोन वेगळ्या धर्तीचे. पंधरा दिवसांनी तयार झाले की ऐकून एक घ्यायचा. किंमत तेव्हाच सांगतो, पण चाळीस हजारांच्या वर जाणार नाही, असं तो म्हणाला.

बाहेर आल्यावर दादाने हेडफोनची पिशवी माझ्या हातात दिली आणि चाळीस हजारांचं पाकीटही दिलं. पुढच्याच आठवड्यात वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, त्यानंतर महिनाभर त्याला साताऱ्यातून हलता येणार नव्हतं.

मी म्हटलं, "दादा, मला त्यातलं काय कळतंय?"

"मला तरी काय कळतंय? माझा कान सकाळी एक सांगतो, सांजच्याला एक. तू बग." मग त्याने मोबाईलमध्ये भरून आणलेला आवाज माझ्या मोबाईलवर घातला. आमच्या चुलत भावाकडे अजून मेंढरं आहेत. दादा तिथे जाऊन मेंढरं रानातून परत येताना बांधावर मोबाईल ठेवून आला होता. "ह्याच घंट्या ऐकून निवड. आबा निवडायचे तशी. उरले पैसे तर आण, न्हाई उरले तर ऱ्हाऊ दे."

तो बसमध्ये चढला. मी पाकीट ब्लाऊजमध्ये ठेवलं आणि पिशवी पोटाशी धरली. माझ्यावर इतका भरवसा टाकलेला मला आठवत नाही. त्या पंधरा दिवसांत मी वखारीतून आले की आधी हात साबणाने तीनदा धुवायचे आणि मग पिशवी उघडून नुसती बघायचे.

पंधरा दिवसांनी मी एकटीच गेले. मेस्त्रीने दोन्ही ॲम्प्लिफायर टेबलावर मांडले होते. एक उचलून जागेवर ठेवताना त्याला दोन्ही हात लावावे लागले आणि टेबल कुरकुरलं. दुसरा त्याने एका हाताने सरकवला. जडमध्ये मोठा ट्रान्सफॉर्मर होता, तांब्याच्या तारेचा आणि लोखंडाचा. हलक्यात बाहेर पडणाऱ्या आवाजाच्या वाटेवर ट्रान्सफॉर्मर नव्हताच, व्हॉल्व्हमधून आवाज सरळ हेडफोनला जायचा. मला समजलं ते एवढंच. दोन्हीतले व्हॉल्व्ह विझत आलेल्या निखाऱ्यासारखे लाल दिसत होते.

"दहा मिनिटं थांबा वहिनी. तापल्याशिवाय हे बोलत नाहीत."

मी स्टुलावर बसले. डोक्यावर पदर होता. मेस्त्रीने हेडफोन पुढे केला आणि तेव्हा मला कळलं की तो पदरावरून बसायचा नाही. परक्या पुरुषापुढे डोक्यावरचा पदर मी कधी काढला नव्हता. माझी अडचण त्याच्या लक्षात आली असावी. तो सोल्डरची तार शोधायला लागला, वाकून, खूप वेळ. मी पदर खांद्यावर घेतला, हेडफोन चढवला आणि टेबलाकडे पाठ केली.

"हे काय? बघणार नाही का?"

"आमच्यात पाठमोरं ऐकतात, काका."

"बरं आहे. इथं येणारे सगळे आधी डबा कसा दिसतो ते विचारतात."

आधी त्याने एक लावला, मग दुसरा. कुठला ते मला माहीत नव्हतं. घंट्या सुरू झाल्या आणि मी सांगलीत उरले नाही. खुरांचा आवाज, धुळीत नाक शिंकरणारी मेंढी, चुलत भावाची शीळ. आणि त्याच्याही कळपात एक लंगडी होती! दोनदा, थांबून, एकदा. पहिल्या खेपेला मला नंतरचा आवडला. त्यात लंगडी कुठल्या बाजूने चालली आहे ते दिसत होतं. दुसऱ्या खेपेला आधीचा आवडला. त्यात सगळं जवळ आलं होतं, कुशीत घेतल्यासारखं.

मी दोन्ही वेळा बोटं दाखवली. मेस्त्री हसून म्हणाला, "एकदा जड, एकदा हलका. बरोबरी झाली."

आता तिसऱ्यांदा ऐकायचं होतं. आणि त्याआधी मी ते केलं, जे आबांनी मला कधी करू दिलं नसतं. मी विचारलं, "काका, किंमत काय ह्यांची?"

"जड चाळीसला. हलका चोवीसला. जडातलं लोखंड आणि तांबं महाग आहे."

मी परत पाठ केली. पण आता उपयोग नव्हता. हलका सुरू होण्याआधी त्यातून बारीक श्वास घेतल्यासारखा आवाज यायचा. तो मी दोनदा ऐकला होता, पण ओळख लागली नव्हती. तिसऱ्या खेपेला लागली. घंट्या वाजायच्या आधीच मला कळलं की हा हलका. घंट्या चालू होत्या आणि मी सोळा हजार ऐकत होते. लंगडी आली की गेली, मला सांगता येणार नाही.

मी म्हणाले, "हलका."

मेस्त्रीने चष्मा वर केला. "कान तुमचे, वहिनी." त्याने पैसे मोजून सोळा हजार परत दिले आणि ॲम्प्लिफायर खोक्यात भुसा घालून बांधून दिला.

त्या क्षणापर्यंत मी चोरी केली नव्हती. हे मी स्वतःला खूप वेळा सांगितलं आहे. हलका घेतला आणि पैसे परत नेले असते तर काहीच झालं नसतं. पण दुकानातून निघताना माझे पाय घराकडे वळले नाहीत, सराफ कट्ट्याकडे वळले. माझ्या कानात लग्नापासून खोट्या कुड्या होत्या. दर दोन वर्षांनी त्या काळ्या पडायच्या आणि मी नव्या खोट्या घ्यायचे. खोक्याचं ओझं हातावर घेऊन मी चालत होते आणि मनात म्हणत होते, माझी शाळा गेली म्हणून दादा सुभेदार झाला. मी मेंढरांमागे गेले म्हणून त्याला साठ हजारांचा हेडफोन घेता आला. मला सोळा हजार घेता येत नाहीत का? असं म्हणत म्हणत मी सराफाच्या पायऱ्या चढले. सोन्याच्या दोन छोट्या कुड्या घेतल्या. शंभर-दीडशे उरले त्याची जिलेबी घेतली.

मालकांनी कुड्या बघितल्या. मी म्हटलं, "दादानं दिल्या. निवडायला गेले म्हणून."

ते म्हणाले, "लय मोठं मन हाय सुभेदाराचं." आणि जिलेबी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सातारा बसने खोकं मांडीवर घेऊन गेले. कुड्या काढून पाकिटात ठेवल्या होत्या. दादाने ॲम्प्लिफायर देव्हाऱ्याशेजारच्या टेबलावर मांडला. किती लागले ते त्याने विचारलंसुद्धा नाही. मीच म्हणाले, "चाळीस लागले सगळे." न विचारता बोलले, ते अजून मला टोचतं.

"लागू देत."

वहिनी पायाला पट्टा बांधून कॉटवर पडल्या होत्या. व्हॉल्व्ह लाल झाले तशा मान उचलून म्हणाल्या, "चाळीस हजाराचा दिवा. उजेड तरी नीट पडतोय का?"

दादाने हेडफोन लावला आणि डोळे मिटले. मग हळूच म्हणाला, "लंगडी ऐकू येती." डोळे उघडले तेव्हा ते ओले होते. माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी तो हात झटकून स्वयंपाकघरात गेले आणि वहिनींच्या घासून ठेवलेल्या भांड्यांना उगाच पाणी घालत उभी राहिले.

त्यानंतरचे महिने मी नीट जगले नाही. कुड्या सांगलीत घालायच्या आणि साताऱ्याला जाताना काढायच्या. एकदा काढायला विसरले, तर दिवसभर पदर दोन्ही कानांवर ओढून बसले. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, थंडी वाजून येती का?" एकदा मालकांनी दादाला फोन लावला, आभार मानायला. मी फोन हिसकावून घेतला. "आवं, त्याला असं बोललेलं आवडत न्हाई," म्हणाले. मालकांना ते अजूनच मोठेपणाचं वाटलं.

पण कुड्यांपेक्षा दुसरी गोष्ट वाईट होती. दादा फोनवर मधूनच सांगायचा, आज छान ऐकलं, आज किर्र कमी होती. मी मोकळी व्हायचे. आणि एखाद्या दिवशी म्हणायचा, "सकाळी जरा पोकळ वाटलं गं. माझाच कान आसंल." की त्याचं पुढचं मला ऐकूच यायचं नाही. त्याचा कान, की माझी निवड? मी जड घेतला असता तर त्याला पोकळ वाटलं नसतं का? माणसाचा एकच कान उरलेला, त्याने तो माझ्या हवाली केला, आणि मी त्याच्यासाठी ऐकायला बसले तेव्हा सोन्याचं ऐकलं. पैसे गेले तर येतात. पण त्याला चुकीचा आवाज दिला असेल, तर तो रोज तेच ऐकत बसणार होता, आणि वर मला दुवा देणार होता. हलका खरंच चांगला होता का, हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. तिसरी खेप मी ऐकलीच नव्हती.

वखारीत हळकुंडं निवडताना बायका बोलत असायच्या आणि मी ऐकत नसायचे. मुकादमीणबाई एकदा म्हणाली, "हिच्या कानात सोनं घातल्यापास्नं ही बहिरी झाली." सगळ्या हसल्या. मीही हसले.

भाऊबीज आली. मी साताऱ्याला गेले. पाटावर दादा बसला, डोक्यावर टोपी. मी ओवाळलं. त्याने ताटात पाचशेची नोट ठेवली. मग खिशातून अजून एक पाचशेची काढली.

"ही कशाची?"

"ही कानाची. तू निवडलंस त्याची. रोज ऐकतो, रोज तुजी आठवण काढतो."

निरांजन हलायला लागलं. मी ताट खाली ठेवलं. वहिनी आत करंज्या काढत होत्या. मी पाटासमोर बसले आणि सांगितलं. चोवीस. सोळा. सराफ. मालकांना सांगितलेलं खोटं. तिसऱ्या खेपेआधी किंमत विचारली तेही सांगितलं. हळू आवाजात बोलत होते. दादाने उजवा कान माझ्याकडे केला आणि शेवटपर्यंत ऐकलं.

त्याने ताटातल्या निरांजनाची वात सारखी केली. मला ते सोसेना. मग मी जे बोलू नये ते बोलले. म्हटलं, "मी पण चौथीत शाळा सोडली, दादा. तुज्यासाठी."

त्याचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली.

"ते हाय," तो म्हणाला. "ते माज्याकडं हाय अन् ते फिटायचं न्हाई, मला ठावं हाय. पण ते येगळं. ह्यात ते मिसळू नगंस. सोळा हजार तू मला परत देयाचे. सगळे. एक रुपया सोडणार न्हाई."

"कुड्या मोडते. उद्याच देते."

"सोनं किती वाढलंय बगितलंस का? कुड्या मोडून माझं देशील अन् वर तुला फायदा ऱ्हाईल. मग काय फेडलंस?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "हळदीतलं दे. महिन्याला हजार. हातानं आणून दे."

दुसरी पाचशेची नोट त्याने ताटातून उचलून खिशात घातली. पहिली तशीच ठेवली. "ही भाऊबीजेची हाय, ही घे." आणि आतल्या बाजूला बघून म्हणाला, "हिला कळायची गरज न्हाई."

त्याने जाऊ दे म्हटलं असतं तर मी मेले असते असं मला तेव्हा वाटलं आणि आताही वाटतं. परतीच्या बसमध्ये मी रडले, पण कित्येक महिन्यांनी पोटभर श्वास आला.

घरी मालकांना सांगितलं. ते जेवत होते. हातातला भाकरीचा तुकडा त्यांनी परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे सणासुदीला त्याच्या नावानं मी हात जोडत हुतो ते फुकटच." दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपणहोऊन विचारलं, "ह्या महिन्याचे हजार बाजूला काढलेस का?"

महिन्याच्या एका रविवारी, वखारीला सुट्टी असेल तेव्हा, मी अर्ध्या तिकिटात साताऱ्याला जायचे. वहिनींना हळद न्यायचे, म्हणजे येण्याला निमित्त राहायचं. दादा अंगणात येऊन हजार रुपये घ्यायचा आणि मोजायचा. नोटा पिवळ्या असायच्या कडेला. एकदा म्हणाला, "बँकवाला विचारतोय, सुभेदार, भंडारा उधळून आलात काय." मध्ये नदीचं पाणी वाढून वखार बंद राहिली तेव्हा दोन महिने चुकले. त्याने फोन करून पाणी कुठवर आलं ते विचारलं, पैशाचं विचारलं नाही. पण पुढच्या वेळी मी गेले तेव्हा हात पुढे केलाच.

या सगळ्या काळात मी हेडफोन कानाला लावला नाही. तो म्हणायचा, ऐक जरा. मी नाही म्हणायचे. कुड्याही घातल्या नाहीत. कान मोकळेच ठेवले.

काल शेवटचे हजार घेऊन गेले. निघताना मालक म्हणाले, "आज घाल त्या कुड्या. आता कुणाला लपवायच्यात?" मी घातल्या.

दादाच्या टेबलावर दोन ॲम्प्लिफायर होते. हलका, आणि त्याच्या शेजारी जड. दोघांचेही व्हॉल्व्ह लाल झाले होते. दादा आदल्या आठवड्यात मिरजेला आला होता, तेव्हा मेस्त्रीकडून चार दिवसांसाठी मागून आणला होता. मेस्त्रीकडे तो तसाच पडून होता, गिऱ्हाईक लागलं नव्हतं.

"बस," दादा म्हणाला. "पाठमोरी. आता मधी पैसे न्हाईत. तिसरी खेप तुजी ऱ्हायली हाय."

मी हजार रुपये मुठीतच धरून बसले. पदर खांद्यावर घेतला. वायर बदलायला त्याने वहिनींना उभं केलं. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. गुडघा आता बरा होता.

"काय खेळ हाय हा?" त्या म्हणाल्या. मग मागून, "वन्सं, कुड्या नव्या का ओ?"

"न्हाई वैनी. दोन वर्सं झाली."

"आन् आज दाखवताय!"

हलका श्वास घेतल्यासारखा वाजला तर मला परत कळणार होतं, म्हणून मी वहिनींना सांगितलं, घंट्या चालू झाल्यावर मगच हेडफोन माझ्या हातात द्या. तसं केलं. मी तीनदा ऐकलं. तिन्ही वेळा मला एकच आवडला. त्यात लंगडी बांधाच्या पलीकडून चालली होती आणि तिच्या मागे रिकामी जागा होती. मेंढरांच्या मागे असते तशी, जिथे मी उभी असायचे.

वहिनी म्हणाल्या, "तिन्ही डाव जड."

माझे डोळे भरून आले. मला उत्तर मिळालं होतं. मी म्हटलं, "मी तुला चुकीचा दिला, दादा."

"थांब," तो म्हणाला. आता तो बसला, पाठमोरा. वहिनींनी त्याच्याही हातात वायर बदलून हेडफोन दिला. त्यानेही तीनदा ऐकलं. तिन्ही वेळा हलका म्हणाला.

मी म्हटलं, "माज्यासाठी बोलू नगंस."

"तुज्यासाठी कशाला बोलू? माझा कान हाय. जडात ती घंटी लय स्वच्छ येती, अन् मग किर्र बी स्वच्छ येती. हलक्यात किर्र दबती." हेडफोन काढून त्याने गादीवरून अंगठा फिरवला. "तुजा कान धड हाय, तुला जड आवडणारच. मला न्हाई."

म्हणजे त्याला हवा तोच त्याच्याकडे होता. पण तो माझ्यामुळे नव्हता. मी निवडला तेव्हा त्याच्या कानाचा विचार केला नव्हता, घंट्यांचाही नाही. बरं झालं ते आपोआप झालं. त्याचं पुण्य मी माझ्याकडे घेणार नाही, हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे कधी तरी मला तसं वाटायला लागेल.

वहिनी चहा टाकायला आत गेल्या. मी मूठ उघडली. नोटा घामाने ओल्या झाल्या होत्या. दादाने त्या सरळ केल्या, मोजल्या, दोनदा मोजल्या. खिशात घातल्या आणि वरून हात दाबला.

"सोळा झाले," तो म्हणाला. "फिटले."